मागची कड

एल्डन सेडलाचेकने आमच्या गावाचं फुटबॉल बुडवलं, असं एल्म फोर्कमध्ये आजही बोललं जातं. मिलोच्या न्हाव्याच्या दुकानात बोललं जातं, चर्चच्या तळघरात कॉफी पिताना बोललं जातं, आणि एल्डन जवळपास असला की जरा मोठ्यानेच बोललं जातं. बोलणाऱ्यांतल्या निम्म्यांना साखळी कुठून धरायची तेही ठाऊक नाही. मी त्याच्याबरोबर बावीस वर्षं साखळी धरली आहे. तेव्हा काय घडलं ते मी सांगतो. मग नावं ठेवायची तर खुशाल ठेवा.

आमच्या फुटबॉलमध्ये चेंडू हातात घेऊन पुढे घुसायचं असतं. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे गेलात तर पुन्हा चार प्रयत्न मिळतात. नाही गेलात तर चेंडू समोरच्यांचा. दहा यार्ड भरले की नाही हे नुसत्या डोळ्यांनी कळलं नाही तर मैदानाच्या कडेची साखळी आत नेऊन मोजतात. साखळीच्या दोन टोकांना दोन काठ्या, त्या धरायला दोन माणसं, कितवा प्रयत्न चालू आहे याची पाटी धरायला तिसरा आणि चिमटा लावायला चौथा. तो चौथा मी, लेलँड. एरवी मी शाळेच्या बसगाड्या दुरुस्त करतो. साखळीवाल्यांना पैसे मिळत नाहीत. एक टोपी मिळते आणि मध्यंतरात एक हॉट डॉग.

चिमट्याचं काम असं. मैदानावर दर पाच यार्डांना एक पांढरी रेघ आखलेली असते. साखळीची जी कडी त्या रेघेसमोर येते तिथे चिमटा लावायचा. आत नेल्यावर तो चिमटा त्याच रेघेवर टेकवला की साखळी पुन्हा पहिल्याच जागी बसते. सोपं आहे, पण एक मेख आहे. ती रेघ चार बोटं रुंद असते. चिमटा लावताना मागची कड धरली आणि आत टेकवताना पुढची, तर अख्खी साखळी चार बोटं पुढे सरकते. चार बोटांत सामने गेलेले मी पाहिले आहेत. म्हणून एल्डनने आमच्यापुरता एक नियम केला होता. चिमटा लावला की मी मोठ्याने म्हणायचं, "मागची कड." मागच्या काठीवाल्याने तेच म्हणायचं, पुढच्यानेही तेच. आत टेकवताना पुन्हा तिघांनी म्हणायचं. नवीन पंच यायचे त्यांना वाटायचं, ही माणसं प्रार्थना म्हणताहेत.

दुसरा नियम ओरडायचं नाही, हा. आपलं कॉलेज जिंकत असो की मार खात असो, साखळीवाल्याने टाळीसुद्धा वाजवायची नाही. इतरांना तो नियम पाळताना घाम फुटायचा. एल्डनला कधी जड गेलं नाही, कारण त्याचा स्वभावच तसला. गावाच्या धान्यकोठारावर तो ट्रकच्या वजनकाट्यावर बसायचा. एकदा त्याचा सासराच मका घेऊन आला. भरल्या ट्रकचं वजन झालं, माल ओतला, रिकाम्या ट्रकचं वजन करायची वेळ आली, तेव्हा पहिल्या वजनाच्या वेळी गाडीत बसलेला कुत्रा खाली उतरून हुंगत फिरत होता. एल्डनने कुत्रा परत गाडीत बसेपर्यंत काटा वाचला नाही. सासरा म्हातारा होऊन मेला, पण ही गोष्ट विसरला नाही.

असल्या माणसाबरोबर १९७४ साली जे झालं ते व्हायला नको होतं.

तेव्हा आमच्या कॉन्फरन्समध्ये, म्हणजे आपसांत खेळणाऱ्या कॉलेजांच्या मंडळात, दहा कॉलेजं होती. प्रत्येक कॉलेज सात सामने खेळायचं, म्हणजे दरवर्षी दोन कॉलेजांशी गाठच पडायची नाही. एल्डन आमच्या संघात सेंटर होता. चेंडू पायांमधून मागे द्यायचा आणि लगेच समोरच्या धिप्पाड गड्याला छातीवर घ्यायचं, असं ते काम, ज्याचा फोटो पेपरात कधी येत नाही. त्या वर्षी आम्ही सातच्या सात जिंकलो. कॅनफिल्डवालेही सातच्या सात जिंकले. आणि आमची त्यांच्याशी गाठ नव्हती. डिसेंबरात दक्षिणेत, समुद्राकाठी एक मोठा सामना व्हायचा, त्याला कॉन्फरन्समधून एकच संघ जाणार. मग रविवारी सकाळी उरलेल्या आठ कॉलेजांच्या क्रीडाप्रमुखांनी टेलिफोनवर मतं दिली. कॅनफिल्डला पाच, आम्हाला तीन. कारण असं सांगितलं की कॅनफिल्डचे लोक प्रवासाला जास्त जातात, हॉटेलं जास्त भरतात.

फादरनी ते प्रवचन संपल्यावर सांगितलं. एल्डन आईशेजारी बसला होता. तो एकवीस वर्षांचा होता आणि त्याने समुद्र पाहिला नव्हता. अजूनही पाहिलेला नाही. व्यायामशाळेत विजेत्यांची पाटी आहे, तिच्यावर त्या वर्षासमोर 'संयुक्त विजेते' असं रंगवलं. ती शेवटची ओळ. त्यानंतर आमचं नाव तिथे चढलं नाही.

त्या रविवारपासून एल्डनच्या तोंडी एकच वाक्य: फोनवर नको, मैदानावर ठरवा. दोघं अव्वल असतील तर दोघांना समोरासमोर उभं करा, एक अंतिम सामना लावा. दरवर्षी नोव्हेंबरात तो कॉन्फरन्सच्या कचेरीला हे पत्र लिहायचा. लिबी, त्याची बायको, म्हणायची की लग्नाआधी मला इतकी पत्रं लिहिली असतीस तर मी दोन वर्षं आधीच हो म्हटलं असतं.

लिबी नदीपलीकडची, बेलमोरची. आणि बेलमोर म्हणजे आमचा जन्माचा वैरी. मोसमाचा शेवटचा शनिवार बेलमोरचाच, साठ वर्षं. एक वर्ष त्यांच्या मैदानावर, एक वर्ष आमच्या. त्या एका सामन्यात साखळीवर दोन माणसं आमची आणि दोन त्यांची असायची, कारण आमच्या हातातली साखळी त्यांना खरी वाटायची नाही आणि त्यांच्या हातातली आम्हाला. मागची काठी एल्डनकडे, पुढची लॅड व्होंद्राकडे. लॅड म्हणजे लिबीचा सख्खा भाऊ. मेव्हणेमेव्हणे दोन टोकांनी साखळी ताणायचे, दोघं एकमेकांकडे बघत म्हणायचे, "मागची कड," आणि त्यावर दोन्ही गावांत कुणी ब्र काढायचं नाही.

सामना संपला की जो हरेल त्याच्या घरी जेवण. हरणाऱ्याने बदकं भाजायची, आंबट कोबी आणि वाफवलेले पिठाचे गोळे करायचे, जिंकणाऱ्याने नुसतं हात पुसत बसायचं आणि नावं ठेवायची. लॅडची जीभ म्हणजे कात्री. एल्डनच्या घरी बदकाचा पहिला घास घेऊन म्हणायचा, "पक्षी तुमच्या क्वार्टरबॅकसारखा आहे रे. पळतबिळत काही नाही, पण चिवट." क्वार्टरबॅक म्हणजे चेंडू फेकणारा, संघाचा म्होरक्या. एल्डन हसायचा नाही. पण पुढच्या वर्षी लॅडच्या घरी जेवायला बसला की बदक तोंडात घालायच्या आधी शांतपणे म्हणायचा, "तुमचा या वर्षीचा तर चिवटही नव्हता." हे वाक्य तो वर्षभर राखून ठेवायचा, हे मला पक्कं माहीत आहे.

१९९६ साली बातमी आली की कॉन्फरन्स दोन नवी कॉलेजं घेणार आणि अंतिम सामना सुरू करणार. कॉन्फरन्सच्याही वरच्यांचा नियम असा होता की अंतिम सामना खेळवायचा तर कॉलेजं बारा हवीत आणि त्यांचे दोन गट हवेत. दोन्ही नवी कॉलेजं शहरातली. त्यांच्यामुळे टीव्हीवाले येणार होते. अंतिम सामना राजधानीत, छत असलेल्या मोठ्या स्टेडियममध्ये. लोकांचं म्हणणं ऐकून घेण्यासाठी कॉन्फरन्सचा एक माणूस गावोगाव फिरत होता. आमच्याकडे तो हायस्कूलच्या जिममध्ये आला. पलीकडून बेलमोरवालेही आले होते.

गाव विरुद्धच होतं. शहरी कॉलेजांपुढे आपला टिकाव लागायचा नाही, असं काहींचं म्हणणं. काहींना डिसेंबरात राजधानीपर्यंत पाच तास गाडी हाकायची नव्हती. मिलो म्हणाला की दहा चांगले आहेत, बारा कशाला, अंडी आहेत का? लोक हसले. कॉन्फरन्सचा माणूसही हसला. त्याच्या हसण्यावरूनच मला कळलं होतं की हे सगळं आधीच ठरलेलं आहे.

मग एल्डन उठला. वजनकाट्यावरचा कोट घालूनच आला होता. म्हणाला, "माझ्याबरोबर खेळलेली बावीस पोरं अजून या गावात आहेत. त्यातल्या कुणालाही विचारा, चौऱ्याहत्तर साली चांगलं कोण होतं. कुणाला माहीत नाही. मलाही माहीत नाही. हरलो असतो तरी चाललं असतं हो. पण आम्हाला हरूसुद्धा दिलं नाही. असं पुन्हा कुणाचं होऊ नये एवढंच. मैदानावर ठरवा. जे ठरेल ते मी मान्य करीन."

 आमच्या कॉलेजचे अध्यक्ष पुढच्या रांगेत बसून लिहून घेत होते.

त्यावर लॅड उठला. तो आधी एल्डनशी बोलला, मग त्या माणसाशी. "बारा झाले म्हणजे दोन गट," तो म्हणाला. "गट झाले की तू एकीकडे, मी एकीकडे. मग नोव्हेंबरात तू साखळी कुणाबरोबर ताणणार?"

एल्डन म्हणाला, "आपल्याला वेगळं टाकणार नाहीत. साठ वर्षांचा सामना आहे."

"तुम्हीच सांगा," लॅड त्या माणसाला म्हणाला. "वेगळं टाकणार नाही ना?"

तो माणूस म्हणाला की तसा काही विचार तूर्त तरी नाही. 'तूर्त' हा शब्द लॅडने ऐकला, मी ऐकला. एल्डनने ऐकला नाही, किंवा त्याला ऐकायचा नव्हता. बावीस वर्षं एका गोष्टीची वाट बघितलेला माणूस शब्द चाळून घेत नाही.

दुसऱ्या आठवड्यात पेपरात एल्डनचा फोटो आला, आयुष्यातला पहिला. त्याखाली अध्यक्षांचं म्हणणं: माजी खेळाडूंच्या भावनांचा आदर करून आम्ही विस्ताराच्या बाजूने मत देत आहोत. माजी खेळाडू म्हणजे एकटा एल्डन. अध्यक्षांना टीव्हीचे पैसे हवे होते, पण बंदूक ठेवायला कुणाचा तरी खांदा लागतो. तो एल्डनने आपणहून पुढे केला होता, आणि वर समाधानही वाटून घेतलं होतं. त्या महिन्याभरात तो मला भेटला की नेहमीपेक्षा दोन वाक्यं जास्त बोलायचा.

गट जाहीर झाले. पूर्व आणि पश्चिम. सीमा म्हणून नदी धरली. आम्ही पश्चिमेला, बेलमोर पूर्वेला. आमच्या शेवटच्या शनिवारी आता एक शहरी कॉलेज येणार होतं, ज्याच्या मैदानावर गवताऐवजी गालिचा होता.

९७ सालचा बेलमोरचा सामना शेवटचा. त्यांच्याकडे होता. लॅडने पुढची काठी धरली. अख्ख्या सामन्यात तो एल्डनशी नऊ वेळा बोलला, मी मोजलं. नऊही वेळा एकच, "मागची कड." आम्ही हरलो. बदकं एल्डनच्या घरी व्हायची होती. लिबीने दोन दिवस आधीच आणून ठेवली होती. लॅड आला नाही. एल्डनने आणि मी ती खाल्ली, आणि लिबी पदार्थ वाढून झाल्यावर स्वयंपाकघरातच बसून राहिली. पुढे ती भावाला भेटायला एकटीच पूल ओलांडून जायची. एल्डन तिला पुलापर्यंत सोडायला जायचा म्हणतात. मी पाहिलेलं नाही, त्यामुळे सांगत नाही.

गावाने मग एल्डनला पाण्यात पाहायला सुरुवात केली. शेवटच्या शनिवारी स्टेडियम अर्धं रिकामं राहू लागलं, त्याला एल्डन जबाबदार. मोटेल रिकामी, एल्डन. बँडची बस बंद झाली, एल्डन. मिलो तर त्याचे केस कापतानाच विचारायचा, "मागून किती कमी करू? की मतदान घेऊ?" एल्डन म्हणायचा, मोजून एक इंच.

आणि मग २००३ आलं.

त्या वर्षी आमच्या पोरांनी काय केलं ते अजून सांगताना मला गहिवरून येतं, आणि मी काही लगेच डोळे पुसणाऱ्यांतला नाही. आठच्या आठ सामने जिंकले. दोन्ही शहरी कॉलेजांना त्यांच्या गालिच्यावर लोळवलं. जुना नियम असता तर नोव्हेंबरातल्या त्या शनिवारीच आम्ही विजेते झालो असतो, निर्विवाद, संयुक्तबिंयुक्त काही नाही. रविवारी व्यायामशाळेच्या पाटीवर रंग चढला असता. पण आता नियम नवा होता. आता अंतिम सामना होता. पूर्व गटातून त्या वर्षी जो संघ वर आला तो आठांपैकी तीन हरून वर आला होता. पूर्व गटच त्या वर्षी भुक्कड होता, वासरांत लंगडी गाय शहाणी. ती लंगडी गाय म्हणजे बेलमोर.

मिलोने दुकानाच्या काचेवर लिहिलं: आठ जिंकून चाललोय तीन हरलेल्यांना विचारायला. खाली लिहिलं: एल्डनच्या कृपेने.

गावातून चार बस गेल्या. अंतिम सामन्याची साखळी राजधानीचीच माणसं धरणार होती, म्हणून एल्डन आणि मी पहिल्यांदाच प्रेक्षक म्हणून चाललो होतो. आमच्या जागा खाली, चौथ्या रांगेत, साखळीच्या बाजूलाच. वर छत, आत उकाडा, बाहेर बर्फ. एल्डन कोट काढून मांडीवर घेऊन बसला. आमच्या पोरांनी पहिले गुण मिळवले तेव्हा सगळे उठून नाचायला लागले. एल्डन उठला, हात अर्धे वर नेले आणि परत खाली घेतले. सत्तावीस वर्षं न ओरडलेला माणूस. त्याला ओरडायचं कसं तेच माहीत नव्हतं.

शेवटच्या दोन मिनिटांत वीस-सतरा असे आम्ही मागे होतो. चेंडू आमचा, बेलमोरच्या बाजूच्या शेवटच्या रेघेपासून बावीस यार्डांवर. तिसऱ्या प्रयत्नापर्यंत नऊ यार्ड आणि थोडे झाले होते. चौथा प्रयत्न. आमच्या पोराने चेंडू पोटाशी धरून मधूनच मुसंडी मारली. ढिगारा झाला. पंचांनी माणसं उपसली, चेंडू दिसला, आणि मुख्य पंचाने दोन्ही हात लांबवून साखळी मागवली.

आता नीट ऐका, कारण गावातल्या कुणालाही हे माहीत नाही. सवयीने माझं लक्ष चेंडूवर नसतं, चिमट्यावर असतं. त्या चार प्रयत्नांच्या सुरुवातीला तिथल्या चिमटेवाल्याने चिमटा लावला होता तो मागच्या कडेला. मी पाहिलं होतं. आणि तो काही बोलला नव्हता. कुणीच काही बोललं नव्हतं, त्यांच्यात तशी पद्धतच नव्हती. आता पंचाने चिमटा हातात धरला, साखळी आत आणली आणि खाली टेकवली. पुढच्या कडेवर. पुढच्या काठीवाल्याने साखळी ताणली. चेंडू तीन बोटं कमी पडला.

चार बोटांची रेघ, तीन बोटांची कमी. मी दुसरीत नापास झालो होतो, पण एवढी वजाबाकी मलाही येते. मी उठणार तेवढ्यात एल्डनने माझ्या मनगटावर हात ठेवला. बघत मात्र तो समोरच होता.

पंचाने बेलमोरकडे हात केला. स्टेडियमचा अर्धा भाग उसळला, अर्धा बसला. चौथा प्रयत्न भरला असता तरी आम्ही जिंकलोच असतो असं नाही. पण चेंडू आमचाच राहिला असता, आणि वेळ होता.

आमच्या पुढची दोन बाकं मागे वळली. मिलो, फादर, बँकेतली बाई, सगळी. सात वर्षं याच माणसाला टोचून खाल्लेली माणसं आता त्याच्याकडे असं बघत होती, जणू चेंडू त्याच्या खिशात आहे. मिलोचा आवाज वेगळाच येत होता. "एल्डन, तुला कळतं यातलं. बरोबर मोजलं का रे त्यांनी?"

एल्डन म्हणाला, "बरोबर मोजलं."

कुत्र्याचं वजन न सोडणारा माणूस. तो "नाही" म्हणाला असता तर निकाल बदलला नसता, हे मलाही कळतं. पंच काही चौथ्या रांगेचं ऐकत नाहीत. पण गावाला धरायला काहीतरी मिळालं असतं. आपण हरलो नाही, आपल्याला हरवलं, असं म्हणत माणसं पन्नास वर्षं सुखाने जगतात. आणि ते सांगणारा म्हणून त्या दिवसापासून एल्डनचे केस मिलोने फुकट कापले असते. एका शब्दाचं काम होतं.

सामना संपल्यावर बाहेरच्या गॅलरीत गर्दी होती. बेलमोरवाले गात होते. त्यांतून हिरवी टोपी घातलेला एक म्हातारा आमच्या दिशेने आला, तेव्हा मी आधी ओळखलंच नाही. लॅडची पाठ वाकली होती. सहा वर्षांत तो एल्डनशी अक्षर बोललेला नव्हता.

"मागची कड होती," लॅड म्हणाला.

"माहीत आहे," एल्डन म्हणाला.

"त्याने पुढच्या कडेवर टेकवली. मी पलीकडून दुर्बिणीतून बघत होतो. तुझी माणसं तुला विचारताना पण दिसली. सांगितलं का नाहीस?"

एल्डनने कोट एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. "एकोणतीस वर्षं सांगत आलो, मैदानावर ठरवा. ठरवलं त्यांनी. जे ठरेल ते मान्य करीन म्हटलं होतं, तुझ्या समोर. आता मैदानावरचंही खोटं निघालं म्हणू? त्या एका गोष्टीसाठी तुझा सामना घालवला मी. लिबीचा घालवला. त्या गोष्टीतही काही नव्हतं, असं सांगू लोकांना?"

लॅडने टोपी काढून हातात घेतली. मग म्हणाला, "आपण धरली असती तर भरलं असतं."

"आपण धरली असती तर भरलं असतं," एल्डन म्हणाला.

"बदकं तुझ्याकडे लागतात. हरलास तू."

मला वाटलं, आता एल्डन हो म्हणेल. लॅडलाही वाटलं असावं, तो तोंडभर हसायच्या बेतात होता. पण एल्डनने मान हलवली. "हे तसं हरणं नाही, लॅड," तो म्हणाला, आणि बसकडे चालू लागला. लॅड टोपी हातात घेऊन तिथेच उभा राहिला. त्याचे लोक त्याला ओढून गाणं म्हणायला घेऊन गेले.

परतीच्या बसमध्ये मी एल्डनला म्हटलं, मी सांगणार. तो म्हणाला, "तू बोललास तर मी म्हणेन लेलँडला दिसत नाही." मग पाच तास तो खिडकीकडे तोंड करून बसला होता.

पुढचं थोडक्यात. सहा वर्षांनी दोन्ही शहरी कॉलेजं त्याहून मोठ्या कॉन्फरन्सने उचलली, आणि ती मागे वळूनही न बघता गेली. बाराचे पुन्हा दहा झाले. दहा म्हणजे गट नाहीत, अंतिम सामनाही नाही. पण गेलेला शनिवार परत आला नाही. बेलमोरने त्या तारखेला दुसऱ्या कॉलेजशी दहा वर्षांचा करार करून टाकला होता. तेलही गेलं, तूपही गेलं, हाती धुपाटणं आलं. आमच्या अध्यक्षांना तोवर मोठ्या विद्यापीठात मोठी जागा मिळाली होती. निरोप समारंभात त्यांनी विस्ताराचा उल्लेख 'त्या काळाची गरज' असा केला. एल्डनचं नाव घेतलं नाही. त्याचं नाव फक्त मिलोच्या दुकानात घेतात.

पण त्याआधीचं एक राहिलं. राजधानीतल्या सामन्यानंतरच्या ऑगस्टमध्ये, मोसम सुरू व्हायच्या आठवड्यात, एल्डन माझ्या गॅरेजवर आला. हातात मागची काठी. उन्हाळ्यात ती त्याच्या घरी असायची, तो तिला तेल लावायचा. काठी त्याने माझ्या हत्यारांच्या कपाटाला टेकवून ठेवली आणि म्हणाला की यंदा दुसरं कुणीतरी बघ.

मी विचारलं, गावामुळे का? मिलोमुळे? त्या मूर्खांकडे लक्ष देतोस?

"गावाचं काय," एल्डन म्हणाला. "माणसं मला मापाचं विचारत होती, लेलँड. मिलो, फादर, सगळी. पहिल्यांदा विश्वासाने विचारत होती. आणि मी खोटं माप सांगितलं." त्याने काठी पडू नये म्हणून पुन्हा एकदा सरळ केली. "खोटं माप सांगणाऱ्याने काठी धरू नये."

मी बसखाली सरकलो आणि नटबोल्ट खोलत राहिलो. तो जाईपर्यंत बाहेर आलो नाही.

मागची काठी आता मिलोचा जावई धरतो. मोसमातला पहिला चिमटा लावला तेव्हा मी म्हटलं, "मागची कड." त्याने माझ्याकडे बघून विचारलं, "हो, कळलं. पण दर वेळी म्हणायलाच पाहिजे का?"